रिस्टोअरची रंगीत तालीम

जुन्या डिस्कने अजून मान टाकलेली नाही. तरी यंदा पावसाळ्याआधीच कोरी एसएसडी लावून, निव्वळ बॅकअपवरून अख्खं मशीन उभं करायला घेतलं. मी सांगलीचा, म्हणजे नाट्यपंढरीतला माणूस, रंगीत तालमीशिवाय पडदा उघडायचा नाही. शिवाय घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हापासून बॅकअप डिस्क मिरजेला मावशीकडे असते. परवा ती आणली.

सिस्टीम लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरायची मोफत सिस्टीम). अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत करणारा क्लोनझिला मला आवडतो, पण नेहमीच्या सेटिंगवर त्याला मूळ डिस्कएवढी किंवा मोठी डिस्कच लागते, आत डेटा चिमूटभर का असेना. माझी नवी डिस्क लहान. म्हणून टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमच्या फाइलींची त्या क्षणाची प्रत (स्नॅपशॉट) ठेवणारा प्रोग्राम. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (ज्यावरून मशीन थेट चालू होतं) तो असतोच. डिस्कचे भाग पाडणाऱ्या जीपार्टेडने ईएफआयसाठी (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) फॅट३२ आणि रूटसाठी (मुख्य सिस्टीमचा भाग) एक्स्ट४ पार्टिशन पाडलं, मिरजेची डिस्क दाखवली, स्नॅपशॉट निवडला. रूट कुठलं, ईएफआय कुठलं एवढं सांगितलं की एफएसटॅबमधले (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनांचे ओळख क्रमांक, तो बदलतो, सिस्टीम सुरू करून देणारा ग्रबही बसवतो. जुनी डिस्क मात्र आधी काढून ठेवा. नाहीतर मशीन गुपचूप तिच्यावरूनच चालू होतं आणि आपण उगाच खूश!

टाइमशिफ्ट मुळात होम फोल्डर (आपल्या स्वतःच्या फाइलींचं) घेत नाही, सांगितल्याशिवाय. ते माझ्याकडे वेगळं असतं. रीस्टार्टच्या आधीच आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने परत आणलं. कमांडमध्ये सोर्स फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ हवी, नाहीतर फोल्डरात फोल्डर. मग चेकसम लावून (फाइलींचा मजकूर ताडून) ड्राय रन, म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी: एकही फाइल वेगळी निघाली नाही.

पण खरी परीक्षा बाबांच्या जुन्या लग्नपत्रिकांची. त्या युनिकोडपूर्व फाँटमधल्या, म्हणजे मराठी अक्षरांना सर्वत्र एकच सांकेतिक क्रमांक मिळण्याआधीच्या. फाँट नसला तर फाइल सुखरूप असूनही पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं. ते फाँट होममधल्या लपलेल्या 'डॉट लोकल' फोल्डरात आहेत. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच न दाबता कॉपी मारणाऱ्यांचे नेमके तेच मागे राहतात. इथे 'श्री गणेशाय नमः' पहिल्याच फटक्यात वाचता आलं. प्रिंटरही न विचारता हजर, कारण त्याची सेटिंगं ईटीसी या सिस्टीमच्या फोल्डरात, म्हणजे स्नॅपशॉटमध्येच.

नवी डिस्क आता मशीनमध्येच राहील. जुनी महिनाभर न पुसता कपाटात. मिरजेची डिस्क रविवारी परत जाईल, पण त्याआधी तिच्यावर रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डशिवाय न उघडणारी) आणखी एक प्रत टाकायची आहे. तिचा पासवर्ड कागदावर लिहून कुणाकडे ठेवायचा, यावर घरात अजून एकमत नाही.