उजनी उणे साठ म्हणजे नक्की किती पाणी?

सोलापुरात प्रचारसभा असो की चहाची टपरी, पाण्याचा विषय निघाला की टक्केवारी फेकली जाते. आणि फेकलेला आकडा बहुतेक वेळा खराच असतो. तो कशाचा, हे मात्र कुणी सांगत नाही. धडधडीत खोटं बोलणारा लवकर सापडतो, अर्धा आकडा सांगणारा पाच वर्षं आरामात निभावून नेतो.

उजनी धरणात साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यात ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, आणि ५३.५७ उपयुक्त. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणून 'शून्य टक्के' जाहीर होतं त्या दिवशीही धरणात ६३ टीएमसीच्या वर पाणी असतं. उणे म्हणजे मृतसाठ्यातलं पाणीही उचललं गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला, तेव्हाही हिशेबाने ३१-३२ टीएमसी शिल्लक निघतं. मग 'धरण संपलं' म्हणणारा खोटा का? तसंही नाही. त्या आकड्यात गाळ धरलेला आहे, आणि पाणी जॅकवेलपासून (जिथून पंपाने पाणी उचलतात ती विहीर) लांब गेलं की महापालिकेला तिथपर्यंत पाणी आणायला दुबार, मग तिबार पंपिंग करावं लागतं. 'अजून तीस टीएमसी आहे, घाबरू नका' म्हणणारा नेमकं हेच गाळतो. दोघांचेही आकडे बरोबर, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच नाही.

'सोलापूर शहरासाठी पाणी सोडलं' हे वाक्य तर त्याहून फसवं. टाकळीला नदीतून शहरासाठी पाणी उपसतात; त्यासाठी धरणातून भीमेत सोडलेलं एक आवर्तन, म्हणजे एका वेळचं पाणी, पाच-सहा टीएमसीचं असतं. उजनीहून थेट शहरात येणाऱ्या समांतर जलवाहिनीची क्षमता १७० एमएलडी, म्हणजे रोज १७ कोटी लिटर. ती वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तरी सव्वादोन टीएमसीच्या आत भागतं. बाकीचं नदीपात्रात मुरतं, उडतं, काठच्या मोटारी ओढतात. ते सगळं शहराच्या नावावर टाकणं चूक आहे, मग टाकणारा कुठल्याही पक्षाचा असो.

'रोज पाणी देऊ' हे आश्वासनही असंच मोजावं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. माणशी १३५ लिटर धरले तर तेरा कोटी लिटरच्या आसपास होतात. लोकसंख्या वाढली आहे हे धरूनही कागदावर जमतंय असं वाटतं. पण हे झालं उपशाचं माप. हद्दवाढ भागातल्या नळाला किती येतं ते टाक्या, अंतर्गत वाहिन्या आणि गळतीवर ठरतं. तेव्हा नुसतं 'किती एमएलडी' विचारू नका, कुठे मोजलेले ते विचारा.

उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार आहेच. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. इथे बहुतेकांचा अर्ज 'का' या शब्दावर पडतो. 'आमच्या भागात पाणी का येत नाही?' याला कायद्याने उत्तर मिळत नाही, कारण जी नोंद कार्यालयात आहे तीच देता येते. त्याऐवजी असं लिहा: 'अमुक टाकीची १ ते ३१ मे या कालावधीतील पाणी सोडल्याच्या वेळांची नोंदवही, साक्षांकित प्रत.' टाकीचं नाव आणि तारखा हव्यातच, नाहीतर 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, येऊन पाहणी करा' असं पत्र येतं. आलंच तर जावं, कारण मूळ वहीतली खाडाखोड झेरॉक्सपेक्षा स्पष्ट दिसते.

धरणाची पातळी आणि विसर्ग जलसंपदा विभागाकडे, शहरातलं वाटप महापालिकेकडे. दोन्ही एका अर्जात कोंबू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अपिलात मुदत मोजली जाते ती त्याच तारखेपासून.