भुईरिंगणी आणि डोरली: ओळख, लागवड, काढणी

दशमुळात, म्हणजे दहा औषधी मुळांच्या आयुर्वेदिक मिश्रणात, दोन रिंगण्या लागतात. लहान ती भुईरिंगणी, म्हणजे कंटकारी, आणि मोठी ती डोरली, म्हणजे बृहती. शालपर्णी, पृश्निपर्णी आणि गोखरू यांच्या जोडीने त्या लघुपंचमुळात, म्हणजे त्यातल्या पाच लहान मुळांच्या गटात, येतात. बाजारात मात्र दोघींनाही नुसतं ‘रिंगणी’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पोत्यात वाळलेला काटेरी पाला आला की त्यात काय काय आहे, हे सांगणं जाणत्यालाही जड जातं. म्हणून ओळख जागेवरच पटवायची, झाड हिरवं असताना.

भुईरिंगणी जमिनीला चिकटून चहूबाजूंनी पसरते. माळावर, रस्त्याकडेला, पडीक रानाच्या बांधावर ती सापडते आणि बाकीचं गवत करपून गेलं तरी हिरवी राहते. काटे सरळ, पिवळे, चकचकीत, सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडे लांब. पान उलटून पाहा. मधल्या शिरेवर आणि तिच्या फाट्यांवरही काटे उभे असतात, वरच्या बाजूने तसेच खालच्या बाजूनेही. पानाचा काठ खोल कातरलेला, फूल निळसर जांभळं. फळ कच्चं असताना हिरव्यावर पांढरे पट्टे असतात, पिकलं की पिवळं होतं.

डोरली उभी वाढते, कमरेएवढी, कधी त्याहून उंच. तिचे काटे बुडाशी रुंद आणि टोकाशी किंचित वाकलेले असतात, त्यामुळे कपड्यात अडकले की सुटत नाहीत. पानाच्या खालच्या अंगाला बारीक लव असते. साध्या भिंगातून पाहिलं तर तिचा एकेक केस चांदणीसारखा फुटलेला दिसतो. फळं घोसाने लागतात, वाटाण्याएवढी, पिकल्यावर नारिंगी.

सगळ्यात वाईट गफलत होते ती पिवळ्या धोत्र्याशी. फूल नसताना त्याचं काटेरी, कातरलेलं पान लांबून भुईरिंगणीसारखंच दिसतं. खूण सोपी आहे: देठ मोडा. पिवळा चीक आला तर तो धोत्रा. रिंगणीला चीक नसतो. धोत्र्याच्या पानाच्या शिरांवर पांढुरके पट्टेही असतात. ही भेसळ क्षुल्लक नाही. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलातून पसरलेली जलोदरासारखी साथ याच पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलामुळे आली होती.

शास्त्रीय नावांचाही गुंता आहे. भुईरिंगणी जुन्या पुस्तकांत सोलॅनम झँथोकार्पम किंवा सोलॅनम सुरात्तेन्स म्हणून येते, आता तिला सोलॅनम व्हर्जिनियानम म्हणतात. तिन्ही नावं एकाच झाडाची. डोरलीचं जुनं नाव सोलॅनम इंडिकम. विद्यार्थ्यांनी संदर्भ शोधताना सगळी नावं टाकून शोधावं, नाहीतर अर्धी माहिती हातातून निसटते.

लावायची असेल तर आधी फुलाकडे नीट पाहा, कारण बी तिथूनच येणार. मधोमध पाच पिवळे परागकोश जुळून सुळका झालेला असतो. वांग्याच्या फुलातही असाच असतो. हे कोश उभे फाटत नाहीत, प्रत्येकाच्या टोकाला बारीक भोक असतं. भुंग्यासारखी मोठी रानमाशी सुळक्याला मिठी मारते, पंख न हलवता अंग थरथरवते आणि भोकांतून पराग पिठासारखे तिच्या पोटावर सांडतात. त्या वेळी होणारा गुंऽऽ आवाज दोन-तीन हातांवरून ऐकू येतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. म्हणून शेजारच्या पिकावर सकाळी, फुलं उघडी असताना, कीटकनाशक मारलं तर या माश्या जातात आणि रिंगणीला फळ कमी धरतं. फवारायचंच असेल तर संध्याकाळी फवारा.

बियांसाठी पूर्ण पिवळी झालेली फळंच घ्या. पट्टे दिसत असतील तर बी कच्चं आहे. फळं पाण्यात कुस्करा, वर तरंगणारं बी टाकून द्या, तळाचं तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. बुळबुळीतपणा राहिला तर वाळताना बियांच्या गुठळ्या होतात आणि बुरशी येते. सावलीत वाळवा. ताजं बी उगवायला खळखळ करतं, दोन-तीन महिने ठेवलेलं जास्त सरळ उगवतं. पेरण्याआधी एक दिवस भिजत घाला.

गादीवाफा वीतभर उंच करा, माती भुसभुशीत असू द्या आणि कुजलेलं शेणखत चाळून मिसळा. चार बोटांच्या अंतराने रेघा ओढून बी अर्धा सेंटिमीटरच खोल टाका. खोल गेलं तर वर येत नाही. उगवण दोन-तीन आठवडे मागेपुढे होत राहते, म्हणून वाफा लवकर मोडू नका. रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडायला लागली तर पाणी जास्त होतंय. पाणी सकाळीच द्या आणि दाटी विरळ करा.

चार-पाच पानांची झाली की पाऊस सुरू झाल्यावर लावा. भुईरिंगणीला दोन फूट, डोरलीला तीन फूट अंतर द्या. दोन्ही हलक्या, मुरमाड जमिनीत खूश असतात. काळ्या रानात पाणी साचलं तर मूळ कुजतं.

वांग्याच्या शेजारी मात्र लावू नका. दोघांचं कूळ एक, त्यामुळे रोगकिडीही एकच. हड्डा भुंगा पानाची जाळी करतो. त्याची अंडी पानाखाली पिवळ्या झुबक्यात असतात, ती पान तोडूनच नष्ट करा. तुडतुड्यांमधून पर्णगुच्छ येतो. पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला की ते झाड वाचत नाही, उपटून जाळा.

काढणीत आधी गिऱ्हाइकाला नीट विचारा: पंचांग, म्हणजे मूळ-खोड-पान-फूल-फळासकट पूर्ण झाड हवं, की नुसतं मूळ? आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथात, कंटकारी म्हणून वाळवलेलं पूर्ण झाड सांगितलं आहे. दशमुळासाठी मात्र कित्येक वैद्य मूळच मागतात. पंचांग फुलं-फळं दोन्ही अंगावर असताना काढावं. मूळ पावसाळा सरल्यावर, जमिनीत ओल असताना काढावं. चैत्र-वैशाखात जमीन दगडासारखी होते आणि सोटमूळ अर्ध्यातच तुटतं. पसारा बेळक्याने, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या काठीने, दाबून धरा, बुडापासून वीतभर दूर कुदळ घाला. जाड कातडी हातमोजे हवेतच, कारण काट्याचं टोक कातडीत मोडून राहतं आणि ठणकतं. रानातून काढत असाल तर फळं लगडलेली काही झाडं तशीच सोडा, पुढच्या वर्षीचं बी तेच.

वाळवताना नुकसान होतं ते फळांमुळे. पाला चार दिवसांत कुरकुरीत होतो, पण अख्खं फळ वरून वाळतं आणि आत ओलं राहतं. पोतं बांधलं की आठ दिवसांत आतून पांढरी बुरशी धरते आणि सगळा माल जातो. म्हणून फळं वेगळी काढा, दगडाने फोडा, निराळी वाळवा. मूळ धुऊन बोटभर तुकडे करा. वाकवल्यावर कट्‌कन मोडलं तर वाळलं, वाकलं तर अजून ऊन हवं. तागाच्या पोत्यात भरा, प्लास्टिकमध्ये नको.

दुखऱ्या दातावर रिंगणीच्या बियांची धुरी देऊन पाण्यात पडलेल्या ‘अळ्या’ दाखवतात. या कुळातल्या बियांत अंकुर वेटोळा वळलेला असतो. बी तापून तडकलं की तो बाहेर येतो आणि पांढऱ्या अळीसारखा दिसतो. दात अळीने किडत नाही. धुरीने ठणका थोडा वेळ दबला तरी कीड आत वाढतच राहते, म्हणून दातांच्या डॉक्टरकडे जा. पांढऱ्या फुलाची भुईरिंगणी ‘लक्ष्मणा’ म्हणून मूल होण्यासाठी चढ्या भावाने विकतात, तीही घेऊ नका. कच्ची फळं पोटात घेऊ नयेत. गरोदरपणात तर काढासुद्धा वैद्यांना विचारल्याशिवाय नको.