आमची वाटचाल : सुरुवात डाव्या कानापासून

आबा सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा आई जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसायला लागली. डावीकडून काही विचारलं तर ते हसून मान हलवायचे, आणि होकार समजून आपण पुढं जायचं. रेंजवर, सरावात, आयुष्यभर रायफल चालवली, कानात काय तर कापसाचा बोळा. तोही साहेब बघत असला तर काढलेला.

डावाच कान का गेला, हे मला फार पुढं कानाच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उजव्या खांद्यावर बंदूक लावली की मान वळते, डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. बरीच वर्षं लांब नळीची बंदूक चालवलेल्या उजव्या हाताच्या माणसाचा डावा कान बहुधा जास्त बिघडलेला निघतो. आमच्या सुरक्षेच्या वस्तूंच्या दुकानात माजी सैनिक आला की मी अजूनही सवयीनं त्याच्या उजव्या बाजूला उभा राहतो.

दुकान १९९४ चं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, गमबूट असला माल. गिऱ्हाईक म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या. फेटलिंगला, म्हणजे ओतीव मालाच्या कडा घासायला, ग्राइंडर चालवणाऱ्या पोरांसाठी इअरप्लग, म्हणजे कानात घालायचे बोळे, खोक्यानं जायचे आणि निम्मे तसेच खिशात राहायचे. मी डिप्लोमा करून २००६ ला गल्ल्यावर बसलो. तेव्हा कानाचा माल म्हणजे आमच्या हिशेबात चिल्लर.

२०१० मध्ये आपल्या नेमबाज तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. त्यानंतर दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजकडून येणारे पालक दुकानात डोकावायला लागले. "ते शूटिंगचे कानाचे हेडफोन हाईत का वो?" मी फौंड्रीतलेच इअरमफ, म्हणजे अख्खा कान झाकणाऱ्या वाट्या, काढून द्यायचो, आवाज किती कमी होतो त्याचा पाकिटावरचा सगळ्यात मोठा आकडा दाखवून. माल खपायचा, मी खूश.

चूक तिथंच होती. फौंड्रीचा आवाज दिवसभर एकसारखा पडणाऱ्या पावसासारखा असतो, कारखान्यांच्या नियमातली मर्यादा म्हणजे आठ तासांना ९० डेसिबल. गोळीचा आवाज विजेसारखा. पॉइंट टू टू रायफलचा एक बार कानाजवळ साधारण १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठं पिस्तूल आणि बारा बोअरची बंदूक १५० च्या पुढं, १६० पर्यंतही. डेसिबल आपल्या तराजूसारखा चालत नाही. तीन वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, दहा वाढले की दहापट. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मोडल्या की परत उगवत नाहीत. पहिल्यांदा ऐकू येणं कमी होतं ते ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बोलण्यातला स, श, त ऐकण्याचा भाग. आबांना आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाहीत, त्याचं मूळ हेच.

मग आकड्याचं कोडं. फोमच्या प्लगवर ३३ डेसिबल कमी होतात असं लिहिलेलं असतं ते प्रयोगशाळेत, नीट बसवून मोजलेलं. घाईनं अर्धा आत सारलेला प्लग त्यातले दहा-बारासुद्धा देत नाही. प्लगवर मफ चढवला तरी बेरीज होत नाही. ३० चा प्लग आणि २५ चा मफ मिळून ५५ नव्हे, जेमतेम ३५, कारण त्यापुढचा आवाज कवटीच्या हाडातूनच आत पोचतो. तरीही बंद रेंजवर, पत्र्याच्या छपराखाली मोठं पिस्तूल चालवणाऱ्याला मी दोन्ही घ्यायलाच लावतो. वरचे ते पाच फुकटचे नसतात.

आमच्या धंद्याला वळण लागलं ते एका फजितीनं. २०१५ च्या सुमाराला मी इलेक्ट्रॉनिक मफ आणले. त्यात बाहेर माईक, आत छोटा स्पीकर. बोलणं ऐकू येतं, बार झाला की आवाज दाबला जातो. मला वाटलं, आता जग जिंकलं. २५ मीटर पिस्तूल खेळणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी कर्ज काढल्यासारखं तोंड करून ते घेतले. पुढच्या महिन्यात स्पर्धेच्या ठिकाणाहून तिच्या कोचचा फोन आला. आवाज चढा. आंतरराष्ट्रीय नियमात खेळाडूला आवाज वाढवणारं किंवा कुठलाही सिग्नल घेणारं साधन चालत नाही, फक्त आवाज कमी करणारं चालतं. मफ बाहेर ठेवायला लावले. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा फोमचे प्लग घालून उभी राहिली, तेही उसने. गोळ्यांची पहिली फेरी पार वाया गेली.

पैसे मी परत केले. वडील काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. इलेक्ट्रॉनिक मफ आजही ठेवतो, पण कोच, रेंज ऑफिसर आणि शेतावर बारा बोअर बाळगणाऱ्यांसाठी. स्पर्धेतल्या पोरांना दाखवतसुद्धा नाही.

त्यानंतर दुकानात एक आरसा आणि एक स्टूल आलं. बसवून दाखवल्याशिवाय कानाची वस्तू विकायची नाही, हा नेम. प्लग आधी स्वच्छ हातानं समईची वात वळतो तसा बारीक वळायचा. मग डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर ओढायचा, शाळेत गुरुजी ओढायचे तसा. म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. प्लग आत सारून बोटानं धरायचा, तीस आकडे मोजायचे. आणि मग स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमला तर बसला. नाही घुमला तर परत. बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो, माझाही फसला होता.

मफचं वेगळं. चष्म्याची जाड काडी, टोपीची कड, बायकांच्या कुड्या, गादीखाली आलेली बट, यातलं काहीही फट पाडतं आणि आवाजाला फट पुरते. एक बँकेचे सुरक्षारक्षक काका मफ घालून वार्षिक सराव करायचे आणि संध्याकाळी कानात शिट्टी वाजते म्हणायचे. मफ काढून बघितला तर गादी पापडासारखी कडक, घामानं तडकलेली. गाद्या बदलल्या, बारीक काडीचा चष्मा करायला सांगितला. शिट्टीसाठी मात्र डॉक्टरांकडेच पाठवलं, ते माझं काम नव्हे.

रायफलवाल्यांची अडचण निराळी. गाल दस्त्याला टेकला की मफची वाटी त्याला धडकते, नेम हलतो. प्रोनमधे तर जास्तच. त्यांना पातळ वाटीचे मफ नाहीतर प्लग. मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्या चार-पाच जणांनी डॉक्टरीणबाईंकडून कानाचा ठसा घेऊन सिलिकॉनचे साचे करून घेतले. त्यात मला काही सुटत नाही, पण ते लोक परत प्लगच्या डब्या घ्यायला येतात.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात, कांस्य मिळवलं. त्या आठवड्यात दुकानात नुसते पालक. "स्वप्नीलला व्हता तसला द्या." त्यातली बहुतेक पोरं १० मीटर एअर रायफलची. त्या हवेच्या दाबावरच्या बंदुकीचा आवाज काडतुसाच्या मानानं फारच कमी. मी स्पष्ट सांगतो, चांगल्या प्लगची डबी न्या, उरलेल्या पैशाचं शूटिंगचं जॅकेट घ्या. माझा भाचा म्हणतो, मामा, तू दुकान चालवतोस का समाजसेवा? पण शेजारच्या लेनला पॉइंट टू टू चालत असेल तर तीच पोरं मफ घालूनच उभी राहिली पाहिजेत, हेही त्याच दमात सांगतो. आवाज काही लेन बघून येत नाही.

कानाचा माल आता आमच्या विक्रीचा साधारण तिसरा हिस्सा आहे. फौंड्रीवाले अजून खोकी नेतात आणि प्लग अजून खिशात राहतात.

आबा आता शहाऐंशीचे. सकाळी दोन तास दुकानात येतात, खुर्ची भिंतीला डावी बाजू लावून. परवा एक दहावीतली पोरगी स्टुलावर बसून प्लग वळत होती, सारखा सुटत होता. आबांनी हात पुढं केला. "आण हिकडं." थरथरत्या बोटांनी त्यांनी वात वळली, तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "घाल पटकन, फुगायच्या आत." तिनं घातला, नाव घेतलं. घुमला. आबांना ते ऐकू आलं नाही. तिनं अंगठा दाखवला, मग हसले.