लॅटिन मिस्सेच्या वाटेवर: पॅरिस ते शार्त्र

पेंटेकॉस्ट म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण. त्याच्या आदल्या शनिवारी पॅरिसहून निघायचं आणि सोमवारी शार्त्रच्या कॅथेड्रलला पोचायचं. अंतर साधारण 100 किलोमीटर. 1983 पासून ही पदयात्रा चालू आहे आणि तिच्यात मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होते ती जुन्या विधीची, लॅटिनमधली. मी चाललो त्या 2024 साली 18 हजारांच्या घरात माणसं होती, त्यातली बहुतेक तरुण. प्रत्येक गटापुढे आपापल्या संताची पताका, म्हणजे दिंडीच म्हणा ना.

मी वसईचा. माझा जीव मराठी मिस्सेत वाढला. आजीच्या तरुणपणी फादर वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायचे आणि बाया मागे बसून रोझरी, म्हणजे जपमाळ, ओढायच्या. पोप पॉल सहावे यांनी 1969 मध्ये नवा विधी दिला. तोवर लोकभाषेलाही मुभा मिळाली होती, आणि शुभवर्तमान आजीला तिच्या भाषेत ऐकू आलं. त्यामुळे ‘नवी मिस्सा म्हणजे श्रद्धेचा ऱ्हास’ असं वाटेत कुणी म्हणालं की मला लागायचं. तिथे मी गप्प बसलो नाही.

पण रस्त्यावर पाहिलं तेही सांगायला हवं. चालता चालता पापनिवेदन चाललेलं असायचं. गळ्यात जांभळा स्टोल घातलेले फादर रांगेच्या कडेने चालत, शेजारी एखादा पोरगा मान खाली घालून बोलत असे, आणि बाकीचे आपोआप दोन पावलं मागे राहत. माझ्या गटातल्या एका मुलीच्या पायाला फोड आले होते. तरी मिस्सेत ती गवतावर गुडघे टेकूनच होती, पुस्तिकेतल्या लॅटिन ओळीवर बोट ठेवून. ही भक्ती खोटी म्हणायची माझी छाती नाही.

जुनी मिस्सा की नवी, या वादात दोन्ही बाजू अर्धंच वाचतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेच्या, उपासनेवरच्या 1963 च्या दस्तऐवजात लोकभाषेला वाव आहे, तसंच लॅटिन जपावं असंही आहे. फादरांनी लोकांकडे तोंड करावं, हे तर त्यात कुठेच नाही.

पोप बेनेडिक्ट यांनी 2007 मध्ये जुन्या विधीला मोकळीक दिली, ती पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये आवळली. कारण सांगितलं एकीचं. काही जण परिषदच नाकारतात, ही फ्रान्सिस यांची चिंता खरी होती. पण त्यापायी या गुडघे टेकलेल्या पोरांना दार लावणं मला पटत नाही.

गव्हाच्या शेतांपलीकडे शार्त्रचे दोन वेगळ्या उंचीचे मनोरे दिसले, तेव्हा त्या मुलीने विचारलं, ‘तुमच्याकडे लॅटिन कुणालाच नको?’ मी म्हटलं, एकदा वसईला ये. रविवारी आमच्या आईशेजारी बसून मराठी मिस्सा ऐक, मग भांडू.