रूबल घसरला की मोरजीच्या खोल्या रिकाम्या

तेल स्वस्त झालं की विमानं भरतात, हा हिशेब गोव्यातल्या रशियन चार्टरांना (सहल कंपनीने भाड्याने घेतलेल्या विमानांना) लागू पडत नाही. जून 2014 मध्ये ब्रेंट तेल पिंपाला 115 डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी 2015 मध्ये ते 50च्या खाली आलं. इंधनाचा खर्च उतरला खरा. पण रशियाची कमाईच तेलावर, त्यात निर्बंध. डॉलरला साधारण 34 रूबल पडत होते, ते 65 पडायला लागले. हजार डॉलरचं पॅकेज 34,000 रूबलवरून 65,000 वर, आणि पगार तेवढाच.

नेहमीच्या विमानात जागा उरल्या तर कंपनी तिकीट उतरवते. चार्टरचं तसं नसतं. अख्खं विमान टूर ऑपरेटरने सिझनभरासाठी घेतलेलं, तेही डॉलरमध्ये. शिवाय सिझनचं पहिलं विमान परत जाताना रिकामं आणि शेवटचं येताना रिकामं. ते भाडंही मधल्या प्रवाशांवरच चढतं. दहातल्या निदान नऊ जागा भरल्या नाहीत तर ऑपरेटरच्या पदरचे जातात.

मग तो आठवड्याच्या दोन फेऱ्यांची एक करतो. उत्तर गोव्यातल्या मोरजी-हरमलच्या हॉटेलवाल्याला फटका इथे बसतो. दोन फेऱ्या असताना पाहुणा 10-11 रात्री राहू शकतो. एकच उरली की 7 किंवा 14. म्हणजे रूमिंग लिस्ट (कोण, किती रात्री राहणार याची यादी) नव्याने येते आणि मधल्या तीन-चार रात्री विकणं अवघड होतं.

करारात म्हणूनच दरापेक्षा रिलीज पिरियड आधी बघा. राखून ठेवलेल्या खोल्या ऑपरेटर किती दिवस आधी सोडू शकतो, ते तिथे लिहिलेलं असतं. 7 दिवस असतील तर इतक्या कमी वेळात मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक शोधायचं कुठून? निदान 21 मागा, डिसेंबर-जानेवारीला 30.

दुसरी गोष्ट उधारीची. पाहुणे गेल्यावर 30 ते 60 दिवसांनी पैसे, ही या धंद्यातली जुनी सवय. ब्रिटनची सहल कंपनी थॉमस कुक 23 सप्टेंबर 2019 ला बुडाली, गोव्याचा सिझन तोंडावर असताना. (भारतातली थॉमस कुक वेगळी कंपनी, ती चालूच राहिली.) सिझनच्या मध्यावर असं झालं असतं तर दोन महिन्यांची बिलं अडकली असती. त्यामुळे निम्म्याहून जास्त खोल्या एकाच ऑपरेटरला देऊ नयेत, आणि मागच्या बॅचचे पैसे मिळाल्याशिवाय पुढची उतरवून घेऊ नये, ऑपरेटर कितीही जुना असला तरी.