पाळण्यातल्या पोरीशी दिवसभर काय बडबडतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भेटेल तो विचारतो, ‘सहा महिन्यांच्या पोरीला काय कळतंय?’

अर्थ नाहीच कळत. पण ‘आंघोळ करायची? आंघोळ झाली!’ असं मी हेल काढून म्हणते, तेव्हा ‘आं’पाठोपाठ दर वेळी ‘घोळ’ येतं, पुढचं बदलतं. ते एवढंसं डोकं त्याचा हिशेब ठेवतं. १९९६ साली सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट या संशोधकांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग माळ ऐकवली. मध्ये कुठे थांबा नाही. दोनच मिनिटांत कुठली अक्षरं जोडीनं येतात ते बाळांनी हेरलं.

हे सगळं मी नंतर वाचलं. थोरला सात महिन्यांचा असताना इथल्या, अमेरिकेतल्या, एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘घरात एकच भाषा ठेवा, मूल गोंधळतं.’ ठेवली. इंग्रजी. मराठी उरली रविवारच्या व्हिडिओ कॉलपुरती.

आई आली तेव्हा तो चार वर्षांचा. पहिल्याच रात्री ब्रश हातात घेऊन ती म्हणाली, ‘दात दाखव.’

‘डाट.’

‘डाट नाही रे राजा. जीभ दातांना लाव. द.’

‘ड.’

तिच्या तोंडाकडे टक लावून तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ‘आय सेड दॅट, आजी!’ आणि रडायलाच लागला. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तेच ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, ‘चल, डाट घासू या.’ जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेली बाई! मी नळ सोडून उभी राहिले.

वर्कर आणि टीज या संशोधकांनी १९८४ सालीच दाखवलं होतं: इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त-ट वेगळे ऐकू येतात, वर्षाच्या आत बहुतेकांचा तो फरक हरवतो. म्हणजे आम्ही मराठी थांबवली ती नेमकी त्याच महिन्यांत.

पहिलटकरीण, परका मुलूख, समोर डॉक्टर. काय करणार होते मी? ‘कशावरून?’ एवढं तरी विचारायचं होतंस, बाई.

पण शेजारच्या मुलीशी घरात पहिल्यापासून मराठीच बोलतात. शाळेत जायला लागल्यावर तीही ‘टू ये ना’ म्हणते. मग माझं काय चुकलं, आणि चुकलं तरी किती?

थोरला आता नऊचा. सावकाश बोलला तर ‘दात’ जमतं. काल पाळण्यावर वाकून बहिणीला म्हणत होता, ‘टू काय बघटेस?’ मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. ती खदखदून हसली. मी गप्प बसले.