हरकती व सूचना

रस्त्याच्या कडेला दिव्याच्या खांबावर नवा कागद चिकटवलेला दिसला की समजावं, लवकरच कुणाची तरी गाडी हलणार आणि त्याआधी बरीच डोकी फिरणार. कागदावरची भाषा ठरलेली. अमुक चौकापासून तमुक वळणापर्यंत उजव्या बाजूचं पार्किंग बंद करण्याचे प्रस्तावित आहे, तरी संबंधितांनी आपल्या हरकती व सूचना मुदतीत लेखी कळवाव्यात. अक्षर इतकं बारीक की कागदाला नाक टेकवावं लागतं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते गाडीवाले काचा वर करून त्या खांबासमोरून भुर्रकन निघून जातात.

सोबत नकाशा असतो. लाल रेघ म्हणजे कायम मनाई, निळी म्हणजे फक्त परमिटवाल्यांना, हिरवी म्हणजे तासाच्या बोलीवर. हे सगळं खाली नीट लिहिलेलं असतं. फक्त प्रत काढलेली असते काळ्या-पांढऱ्या मशीनवर, त्यामुळे तिन्ही रेघा सारख्याच करड्या. आपली गाडी नेमकी कुठल्या रेघेवर उभी आहे, हे ज्याने त्याने आपापल्या स्वभावानुसार ठरवायचं. चिंतातुर माणसाला सगळी लालच दिसते.

गाडी माझ्याकडेही आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं दुःख मला कळतं. एक गाडी लावायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे घरातली एक बऱ्यापैकी खोली. ती रस्त्यावर, फुकटात मिळालेली. मग तिथे आधी कुंडी येते, नंतर मोडकी खुर्ची, आणि हळूहळू ती ‘आमची जागा’ होते. ही खोड कुण्या एका गावाची नाही. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये हिमवादळानंतर ज्याने फावड्याने बर्फ उपसला, त्याला त्या जागेवर खुर्ची किंवा बादली ठेवून ती राखू देतात. शहराचा नियम असा की बर्फामुळे जाहीर केलेली आणीबाणी उठल्यावर ४८ तासच. बर्फ उपसणाऱ्याचा निदान घाम तरी गळलेला असतो. आपण नुसती कुंडी ठेवतो.

मग सभा होते. अशा सभेत पहिला माणूस हमखास खड्ड्यांबद्दल बोलतो. दुसरा भटक्या कुत्र्यांबद्दल. तिसऱ्यापासून पार्किंग सुरू होतं आणि आवाज चढतो. दुकानदार सांगतात, गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. यात लबाडी नसते, त्यांना खरंच तसं वाटतं. पण गाडीने येणारं गिऱ्हाईक किती, याचा त्यांचा अंदाज बराच फुगलेला निघतो, हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलसारख्या शहरांत मोजून पाहिलंय. गाडीवालं गिऱ्हाईक दारासमोरच उभं राहतं, म्हणून लक्षात राहतं. चालत आलेलं गर्दीत विरघळतं.

गंमत म्हणजे रस्त्यावर पैसे घेऊन गाडी लावू द्यायची कल्पना निघाली तीच दुकानदारांच्या तक्रारीतून. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बाजारपेठेत कामाला येणारे लोक सकाळी गाडी लावत ती संध्याकाळीच काढत. गिऱ्हाइकाला जागाच उरत नसे. त्यावर उपाय म्हणून कार्ल मॅगी या संपादकाने मीटरची कल्पना लढवली, आणि १६ जुलै १९३५ रोजी जगातला पहिला पार्किंग मीटर तिथे बसला.

सभेत जो येत नाही त्याचं काय, हा खरा प्रश्न. जागा गेली तर ज्याचं नुकसान होतं त्याला नाव आहे, पत्ता आहे, आवाजही आहे. फायदा होतो तो विखुरलेल्यांचा: फुटपाथवर गाडी आडवी लावलेली म्हणून व्हीलचेअर रस्त्यावर उतरवणारी बाई, उभ्या गाड्यांच्या फटीतून डोकावून रस्ता ओलांडणारं पोर, आणि जागा सापडेना म्हणून दोन चकरा मारून परत गेलेला पाहुणा. डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने या चकरांचा हिशेबच मांडला. लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड व्हिलेज या १५ ब्लॉकच्या भागात जागा शोधायला सरासरी ३.३ मिनिटं लागत. किरकोळच म्हणायचं. पण सगळ्यांच्या घिरट्यांची वर्षाची बेरीज निघाली साडेनऊ लाख मैल, म्हणजे पृथ्वीला ३८ प्रदक्षिणा. पुण्य मात्र शून्य.

लोकांना विचारावं हे मान्यच. पण शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यात अशी विचारणा खालून चौथ्या पायरीवर आहे. ऐकून घेतील, पण ऐकतील याची हमी नाही. याउलट कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात जुन्या बाजारपेठेतल्या दुकानदारांचा मीटरला विरोध होता, तेव्हा पालिकेने सांगितलं, मीटरचा पैसा तुमच्याच रस्त्यांवर खर्च करू. १९९३ मध्ये मीटर बसले. त्या पैशातून फुटपाथ सुधारले, झाडं आणि दिवे लागले. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहरात येणाऱ्या गाड्यांवर कर लावताना आधी सात महिने प्रयोग करून दाखवला, मग मतदान घेतलं. आधी नाकं मुरडणाऱ्यांपैकी बरेचजण मोकळा रस्ता पाहून वळले. कागदावरच्या करड्या रेघेला विरोध करणं सोपं असतं.

म्हणून मी अर्जावर ‘हरकत’ आणि ‘सूचना’ यांपैकी सूचनेच्या रकान्यात लिहिलं: आधी सहा महिने करून बघा, एक बाजू मोकळी ठेवा, पैसे घेतलेत तर ते याच रस्त्यावर खर्च करा आणि नंतर पुन्हा विचारा. चालणाऱ्यांसाठी रकाना नव्हताच. सहीच्या वर मात्र ‘वाहन क्रमांक’ असा चौकोन होता, आणि तो भरल्याशिवाय अर्ज घेणार नाही म्हणाले. गाडीचा नंबर मला पाठ आहे. पण त्या रस्त्यावरून मी रोज चालतच जातो, म्हणून तिथे बुटाचा नंबर लिहिला. खिडकीवरच्या बाईंनी तो वाचला, शिक्का मारला आणि पोच दिली.